आबा भाटकरांची कुर्ली

आबा भाटकरांच्या घरात अंगभर कपडे घातलेली एकही वस्तू नव्हती. हे वाक्य माझं नव्हे, भाटकरकाकूंचं. रेडिओ पाठ उघडी टाकून गायचा, मिक्सरची मोटर खालून दिसायची, पंख्याच्या रेग्युलेटरला झाकण नव्हतं. एखादा पाहुणा दचकून मागे सरला की काकू म्हणायच्या, "घाबरू नका, चावत नाही काही. फक्त ह्यांना लाज नाही."

आबा शांतपणे उत्तर द्यायचे, "बघू दे की लोकांना. आत काय चोरीचा माल ठेवलाय?"

"बघू दे की लोकांना" हे आबांचं वाक्य. ते त्यांनी मिक्सरबद्दल म्हटलेलं मी ऐकलं, कॉम्प्युटरबद्दल ऐकलं आणि एकदा स्वतःच्या हर्नियाच्या ऑपरेशनबद्दलही ऐकलं. डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं, आरसा लावता येईल काय, मलाही बघायचंय.

आबा मूळचे पूर्णगडचे. उभी हयात मालवाहू बोटींवर इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणून काढलेली. अठ्ठ्याण्णव साली बोट सोडून कायमचे घरी आले आणि आल्या आल्या माझ्या दुकानात शिरले. माझं दुकान रत्नागिरीत. कॉम्प्युटर विकणं, दुरुस्त करणं, पुढच्या भागात पोरांचे क्लास आणि उरलेल्या वेळात टवाळी. खरं सांगायचं तर टवाळी हा मुख्य धंदा आणि बाकीचा जोडधंदा. आबांनी सोबत आणलेला कॉम्प्युटर टेबलावर ठेवला आणि त्यावर एक सीडी.

"हे बसव माझ्या कॉम्प्युटरवर."

"काय आहे?"

"लिनक्स. हॅम्बुर्गला एका पोराने दिली. फुकट."

"आबा, फुकटच पाहिजे तर विंडोज मीसुद्धा फुकटच घालून देतो. सगळ्यांना देतो."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू चोरून फुकट देतंस. ह्या लोकांनी राजीखुशीने दिलंय, वर आत काय लिहिलंय तेही दाखवतात. फरक कळतो काय, केळकरा?"

मला फरक कळला नाही. सीडीही नीट बसवता आली नाही. तीन वेळा कॉम्प्युटर आडवा केला, तेव्हा आबांनीच खुर्ची ओढली आणि मला चहा आणायला पाठवलं. स्वतःच्या दुकानात मी चहावाला झालो तो असा.

पुढे ते पूर्णगडहून रोज एसटीने यायला लागले. माझ्याकडे फोनच्या तारेवरून इंटरनेट होतं, म्हणजे आबा बसले की फोन बंद. गिऱ्हाइकं ओरडायची. आबा तिकडे जगभरच्या लोकांना प्रश्न विचारत असायचे. कोणी ब्राझीलचा विद्यार्थी, कोणी फिनलंडचा मास्तर. त्यांची उत्तरं आली की आबा ती मोठ्याने वाचून दाखवायचे. माझ्या क्लासच्या पोरांना एक्सेलपेक्षा मोटर उलटी कशी फिरवायची तेच जास्त येत होतं.

घेतलेलं सांगून टाकायचं, हा त्यांचा दुसरा हट्ट. त्यांच्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर नावं असायची. ब्राझीलच्या विद्यार्थ्याचं असायचं, ते ठीक. पण त्याखाली एसटी स्टँडजवळच्या पंक्चरवाल्याचं, 'रबराच्या रिंगा कापून दिल्या' म्हणून. काकूंचं, 'पिठाचा डबा दिला, विचारलं नव्हतं' म्हणून. आणि सगळ्यांत शेवटी माझं: 'वीज आणि चहा.'

"आबा, एवढंच?" मी म्हटलं.

"अजून काय दिलंस ते आठवून सांग. घालतो."

मी बराच वेळ आठवत बसलो. मग विषय बदलला.

हे सगळं चाललं होतं एका यंत्रासाठी. पाइपात किंवा टाकीत शिरून आतलं दाखवणारं, गाळ खरवडणारं यंत्र. जुन्या जीपच्या वायपरच्या मोटरी, रबराची चाकं, पुढे दिवा आणि कॉम्प्युटरवर लावतात तसला छोटा कॅमेरा, पुढे दोन पत्र्याच्या नांग्या, पाठीमागे लांबलचक वायर. मधे काकूंचा पिठाचा डबा, अर्थात झाकणाशिवाय. ते खेकड्यासारखं तिरकं तिरकं चालायचं, म्हणून मी त्याला आमच्याकडच्या बोलीत कुर्ली म्हणायला लागलो. नाव टिकलं. मी ठेवलेली नावं टिकतात. ही माझी ख्याती आहे आणि तिचा अभिमान मला त्या काळी फार होता.

हे कशासाठी, असं मी एकदा पूर्णगडला त्यांच्या पडवीत बसून विचारलं होतं. आबांनी शेजारच्या घराकडे मान वळवली. तिथे ओट्यावर एक माणूस बसला होता, आबांच्याच वयाचा. त्याची मुलगी त्याला पेज भरवत होती.

"माझ्याच बोटीवर होता," आबा म्हणाले. "टाकी धुवायला उतरला. आत हवा खराब. वर काढला तेव्हा जिवंत होता, डॉक्टर म्हणाले, नशीब. हे नशीब." थोडं थांबून म्हणाले, "मी वर होतो. दिव्याची वायर धरून. माणूस खाली पाठवायचा आणि आपण वर वायर धरून उभं राहायचं, हे बंद व्हायला पाहिजे. बाकी मला काय नको."

आबांचा आवाज एरवी एसटीच्या भोंग्यासारखा. त्या दिवशी तो पडवीच्या बाहेर गेला नाही.

पहिली संधी दोनेक वर्षांनी आली. शहराबाहेरच्या एका वसाहतीच्या पाण्याच्या लाइनीत कुठेतरी बोळा बसला होता आणि कुठे ते कळत नव्हतं. शोधायचा तर वरचा कातळ फोडत जायचं. आबांनी पाणीपुरवठ्याच्या साहेबांना गाठलं, म्हणाले, पाइप एक दिवस रिकामा करून द्या, कुर्ली बघून येईल. साहेब भला माणूस. हो म्हणाला.

आता ह्यापुढचा पराक्रम माझा.

मला वाटलं, साहेब येणार, वसाहतीचे चेअरमन येणार, आणि आपण त्यांच्यापुढे पिठाचा डबा ठेवणार? मी रिक्षाचे हूड करणाऱ्या एकाकडून फायबरचं छानसं कव्हर करून आणलं. पिवळंधमक. वर माझ्या दुकानाचं नाव, खाली फोन नंबर. तो फोन आबांच्यामुळे कायम बंद असायचा, ही गोष्ट वेगळी.

"हे कशाला?" आबा म्हणाले.

"दिसायला नको का काही तरी? इम्पोर्टेड वाटतंय की नाही बघा."

"आत काय आहे ते दिसू दे. आणि पाइप वळतो तिथे, बेंडला, अडकेल हे."

"काही अडकत नाही."

आबा हात धुवायला गेले तेवढ्यात मी कव्हर चढवून चारी स्क्रू आवळले. ते परत आले तोवर साहेबांची जीप येऊन उभी राहिली होती. चारचौघांत माझी शोभा करायची नाही म्हणून आबा गप्प राहिले. एरवी कधीही गप्प न बसणारा माणूस.

कुर्ली सरळ पाइपात सुंदर गेली. पडद्यावर आतलं दिसत होतं, चेअरमन टाळ्या वाजवत होते. पहिल्या बेंडला ती अडकली. मागे येईना, पुढे जाईना. मी आबांच्या हातातली वायर घेतली आणि मर्दासारखी खेचली. वायर माझ्या हातात आली, कुर्ली आतच राहिली.

शेवटी कातळ फोडावाच लागला. बोळा शोधायला नव्हे, कुर्ली काढायला. वसाहत इतके दिवस कोरडी राहिली की बायका कळश्या घेऊन माझ्या दुकानात यायला लागल्या. दुकानाचं नाव पिवळ्या कव्हरवर होतंच, पत्ता शोधायला त्रास पडला नाही.

आबांनी ह्या फजितीची पूर्ण हकिगत त्या जगभरच्या मंडळींना लिहून पाठवली. काय केलं, कुठे अडकली, का अडकली, वायर का तुटली. मी म्हटलं, "आबा, अब्रूचं काय?" ते म्हणाले, "दुसरा अडकायला नको ना." ब्राझीलच्या विद्यार्थ्याने बेंडमधून वळायची एक युक्ती उलट पाठवली. आबा पुन्हा कामाला लागले.

आणि मीही कामाला लागलो. गोष्ट सांगायच्या.

अशी गोष्ट हाती लागली आणि सांगितली नाही तर मी कसला केळकर? लग्न, मुंज, बँकेची रांग, क्रिकेटच्या मॅचचा लंच टाइम, जिथे चार डोकी दिसतील तिथे मी कुर्ली सोडायचो. सांगता सांगता गोष्ट घासूनपुसून गोल झाली. आणि तिला गोल करताना एक अडचण आली. पिवळ्या कव्हराचा शहाणा मी होतो, ह्यात फारसं हसू नव्हतं. दुकानदाराने जाहिरात केली, त्यात काय. पण तेच जुन्या दर्यावर्दी माणसाच्या तोंडी घाला!

मग माझ्या गोष्टीत आबा म्हणायला लागले, "रंग दिल्याशिवाय आणि नाव घातल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नाय आम्ही!" माझ्या गोष्टीत आबा पाइपाच्या तोंडाशी नारळ फोडायचे, हळदकुंकू वाहायचे, कुर्लीसाठी देवाला गाऱ्हाणं घालायचे. आणि मी बिचारा बाजूला उभा राहून काकुळतीने सांगायचो, "आबा, बेंडला अडकेल हो!"

त्यांचं वाक्य मी घेतलं आणि माझं कव्हर त्यांना दिलं. लोक पोट धरून हसायचे. नारळाशी तर हमखास.

एका मित्राच्या वास्तुशांतीला मी जेवणानंतर असाच रंगात आलो होतो. गाऱ्हाणं चाललं होतं, मी आबांचा आवाज काढत होतो, आणि दारात आबा. हातात चपला. केव्हापासून उभे होते देव जाणे. गाऱ्हाणं अर्ध्यावरच राहिलं.

"थांबलास का?" आबा म्हणाले. "नारळाचं राहिलं."

सगळे फिदीफिदी हसले. मी नारळ फोडला. आबाही हसले, वर म्हणाले, "नारळ नासका निघाला, ते सांग की." ती जागा इतकी झकास होती की मी ती पुढे कायमची ठेवून घेतली. त्याखाली त्यांचं नाव मात्र घातलं नाही.

परत जाताना आम्ही बरोबरच चाललो होतो. मी माफीसारखं काहीतरी पुटपुटलो.

"अरे, हसतात लोक, हसू दे," ते म्हणाले. "गोष्ट चांगली करतंस तू. फक्त एक कर. शेवटी सांगत जा, की मशीन चालतं. आता बेंडमधून वळतं. तेवढं सांग."

"सांगतो, आबा."

दोनदा सांगून पाहिलं. खरंच पाहिलं. पण नासक्या नारळावर हशा पिकला की त्यानंतर "मात्र यंत्र आता उत्तम चालतं" म्हणणं म्हणजे आइस्क्रीमनंतर आमटी वाढणं. लोक घड्याळाकडे बघायला लागायचे. मी ते गाळलं.

कुर्ली खरोखरच चालत होती. आबांनी ती पूर्णगडच्या पाण्याच्या टाकीत उतरवून दाखवली, गाळ खरवडून आणला. वळणं तर ती अशी घ्यायची, जशी समुद्रकाठच्या खडपातली खरी कुर्ली. सगळे नकाशे, सगळा प्रोग्रॅम त्यांनी जगापुढे मोकळा ठेवला होता. ब्राझीलच्या त्या मुलाने त्याच्या गावच्या गटारात तशीच एक चालवल्याचं कळवलंही होतं.

खेडजवळ लोट्याच्या एका केमिकल कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. तिथे सांडपाण्याच्या मोठ्या टाक्या होत्या आणि त्यांतला गाळ काढायला दरवर्षी ठेकेदाराची माणसं आत उतरायची. नाकाला फडकी, कमरेला दोर. हे मीच आबांना बोलता बोलता सांगितलं. ते उठून उभे राहिले. "तुझी ओळख आहे ना तिथे? घाल गाठ."

मी गाठ घातली. कंपनीच्या बसमधून आम्ही गेलो. कुर्ली आबांच्या मांडीवर, टॉवेलात. आबांनी त्या दिवशी बोटीवरचा पांढरा शर्ट घातला होता, खिशाशी पिवळट पडलेला.

प्लांटचे मॅनेजर पुण्याकडचे, हसतमुख. आबांनी टॉवेल सोडला आणि कुर्ली टेबलावर ठेवली. मॅनेजरनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो, ही ती नारळवाली काय?"

त्यांनी ती माझ्याकडून ऐकलेलीसुद्धा नव्हती. चिपळूणच्या कुठल्या तरी रिसेप्शनला दुसऱ्याच कुणाकडून ऐकली होती. हाताखालच्या दोघांना त्यांनी आत बोलावलं आणि आबांच्या समोर, आबांनाच, पूर्ण गोष्ट सांगितली. थांबायच्या जागी थांबून. गाऱ्हाण्याला आवाज बदलून. माझ्याच जागा, माझेच सूर. आणि नासका नारळ फुटला तेव्हा मी हसलो.

सवयीने हसलो. पण हसलो.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "साहेब, टाकी दाखवा. रिकामी असली तरी चालेल. इथेच चालवून दाखवतो."

"नको हो काका. अडकली तर काढायला माणूस उतरवावा लागेल आम्हाला!" परत हशा. मग थोडं गंभीर होऊन, "हे सेफ्टीचं काम आहे. असल्या वस्तूचा भरवसा मी वरच्या साहेबांना काय म्हणून देऊ?"

चहा आला. आबांनी तो पूर्ण प्यायला, कप बशीत नीट ठेवला आणि कुर्ली टॉवेलात गुंडाळली.

परतीच्या बसमध्ये मला वाटत होतं, आता बोलतील. शिव्या देतील. त्यांच्याकडे सगळ्या बंदरांच्या शिव्या होत्या. परशुरामचा घाट उतरेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग एकच विचारलं, "त्या टाकीत उतरतात ती माणसं कुठली रे? ठेकेदार कोण त्यांचा?"

मी नाव सांगितलं. का विचारतायत ते विचारलं नाही.

पुढच्या खेपेला लोट्याला गेलो तेव्हा मी मॅनेजरना गाठलं आणि खरी गोष्ट सांगितली. कव्हर माझं, वायर मी तोडली, नारळ नव्हताच, गाऱ्हाणं नव्हतंच, बेंडला अडकेल हे आबांनीच सांगितलं होतं. जन्मात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट मीठमसाल्याशिवाय सांगत होतो. त्यांनी नम्रपणे ऐकली.

"असेल, असेल," ते म्हणाले. "पण केळकर, ही काही तेवढी जमली नाही. ती जुनीच बरी आहे."

मी बाहेर आलो. मी सोडलेली गोष्ट रत्नागिरीपासून खेडपर्यंत एकटी हिंडत होती. तिला आता माझी गरज राहिली नव्हती आणि परत बोलावली तर ती ऐकणारही नव्हती. अजूनही अधूनमधून कोणी तरी मलाच ती सांगतं, "तुम्हाला एक गंमत सांगतो," म्हणून. आबा जाऊन आता वर्षं झाली. गोष्टीतले आबा ठणठणीत आहेत, नारळ फोडतायत.

त्या बसच्या प्रवासानंतर, ते जायच्या आधी, मी त्यांना पाहिलं ते एकदाच. कंपनी वार्षिक साफसफाईसाठी बंद होती. ऑफिसातले कॉम्प्युटर झाडायला मला बोलावलं होतं. ऑफिसच्या खिडकीतून मागच्या टाक्या दिसायच्या. एका टाकीच्या तोंडाशी डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून कोणी म्हातारा उकिडवा बसला होता. हवा सोडायचा पंखा घरघरत होता, त्याच्या पाइपाचं तोंड टाकीत गेलं होतं. बसायची ढब ओळखीची वाटली म्हणून मी खाली गेलो.

आबाच होते. ठेकेदाराकडे ते नोकरीला लागले होते. वर बसणारा माणूस म्हणून.

"विलास!" त्यांनी टाकीत हाक मारली.

"ओ!" आतून आलं.

"गणू!"

"ओ, आबा!"

दोराची गुंडाळी त्यांच्या पायाशी होती, एक टोक मुठीत. मी कितीतरी दिवस सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. ह्या वेळी आडवळण नको, विनोद नको. जाऊन थेट सांगायचं, आबा, माझं चुकलं, तुमचं काम मी घालवलं. मी जवळ गेलो. "आबा," म्हटलं, "मला तुम्हाला—"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त हात वर केला, पंजा माझ्या तोंडासमोर. गप.

"सुरेश!"

पंखा घरघरत होता. आबा पुढे झुकले, हेल्मेट मागे सारलं, कान टाकीच्या तोंडाशी नेला. दोर मुठीत आवळला.

"सुरेश, मेल्या! ओ दे!"

आत कोणी तरी खोकलं. मग खालून, फार खालून, आवाज आला, "हाय. हाय मी."

आबांनी श्वास सोडला. हात मात्र तसाच वर होता. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, विलास, गणू, सुरेश. मी तोंड मिटून तिथेच उभा राहिलो.